गलबताची फळी आणि इमारतीचे वक्र पॅनेल

वास्तुरचनेच्या संगणकप्रणालीत इमारतीची वळणदार दर्शनी बाजू घडवणाऱ्याला दोन शब्द पावलोपावली भेटतात : ‘स्प्लाइन’ आणि ‘लॉफ्ट’. हे शब्द वास्तुकलेने घडवलेले नाहीत, ते जहाजांच्या गोदीतून आले आहेत. म्हणून कोलशेतच्या टॉवरांविषयीचा हा धागा त्यांच्या पायथ्याच्या खाडीपासून सुरू करतो.

उल्हास नदी कल्याणवरून येते, कोलशेत आणि पलीकडच्या काल्हेरच्या मधून वाहते आणि घोडबंदरवरून वसईजवळ समुद्राला मिळते. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यांनी तेथे लढाऊ जहाजे बांधण्यास घेतली. ऑगस्ट १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात ही चिंता स्पष्ट दिसते : शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे जहाजे बांधत आहे, ती बाहेर पडू देऊ नयेत. नकाशा उघडून पाहा. कल्याणहून समुद्राकडे जाणारा एक फाटा ठाण्याच्या खाडीतून, दुसरा कोलशेत-घोडबंदरवरून, आणि त्या काळी ठाणे, वसई, मुंबई ही तिन्ही ठिकाणे पोर्तुगिजांची!

पण वाट अडवणे एवढाच त्यांचा उपाय नव्हता. कल्याणला या कामावर रुई लैतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज बाप-लेक देखरेख करीत होते, सोबत ३०० हून अधिक माणसे होती. वसईच्या कप्तानाने त्यांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले. पोर्तुगिजांनी लाकूड जाळले नाही, माणसे काढून घेतली. माझ्या मते या प्रसंगाचे मर्म येथे आहे. जहाजाचा आकार कागदावर कमी आणि कारागिराच्या डोळ्यांत व हातांत अधिक असे.

तो आकार अवघड का, हे भूमितीने समजते. कागदाची सुरळी सहज होते, पण तोच कागद चेंडूला गुंडाळला की चुण्या पडतात. ज्या पृष्ठभागाला दोन दिशांनी बाक आहे, तो सपाट पत्र्यापासून ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय घडत नाही. गाऊसने १८२७ मध्ये हे गणिताने मांडले. सुतारांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. म्हणून तर गलबताची कूस एका रुंद फळीने मढवत नाहीत, अरुंद फळ्यांनी मढवतात. प्रत्येक फळीच्या वाट्याला थोडाच बाक, थोडाच पीळ येतो. सागवान शेकून तेवढे वाकवता येते.

युरोपातील गोद्यांनी पुढे हा आकार माणसाच्या डोक्यातून जमिनीवर उतरवला. गोदीच्या प्रशस्त माळ्यावर, म्हणजे ‘लॉफ्ट’वर, जहाजाचे छेद मूळ मापाने रेखत. छेदांच्या बिंदूंवरून लवचीक लाकडी पट्टी फिरवत आणि ती शिशाच्या वजनांनी जागच्या जागी दाबून धरत. ही पट्टी म्हणजे ‘स्प्लाइन’. पट्टी आपोआप सर्वांत सहज वळण घेई. त्यावरून फर्मे कापले जात.

१९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने या पट्टीचे नाव आपल्या सूत्रांना दिले. १९६० च्या सुमारास सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यासाठी वक्रांचे गणित संगणकाला शिकवले. विमानांसाठी दासोने (होय, राफेलवाल्या दासोने) बनवलेली ‘कॅटिया’ प्रणाली वास्तुकार फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने इमारतींकडे वळवली. १९९७ मध्ये खुले झालेले बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय, त्याच्या टायटॅनियमच्या पत्र्यांसह, त्यातून उभे राहिले.

आज खाडीकाठच्या एखाद्या टॉवरची वळणदार बाजू संगणकावर घडवायची असेल, तरी पायऱ्या गोदीतल्याच. आधी काही मजल्यांचे छेद स्प्लाइनने काढायचे, जणू जहाजाच्या फासळ्या. मग ‘लॉफ्ट’ची आज्ञा दिली की त्यांच्यावर सलग कातडे चढते. नवशिके येथेच थांबतात. पडद्यावरचे कातडे कितीही देखणे असले तरी ते कारखान्यात तसेच्या तसे बनत नाही. त्याचे तुकडे पाडावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा एकाच दिशेने वाकतो की दोन्ही, हे तपासावे लागते. एकाच दिशेने वाकणारा तुकडा संगणक उलगडून सपाट दाखवतो आणि त्या रेषेवर पत्रा कापता येतो. दोन्ही दिशांनी वाकणाऱ्यासाठी बहुधा स्वतंत्र साचा करावा लागतो आणि खर्च वाढतो. तेव्हा पट्ट्या अरुंद करायच्या, गलबताच्या फळ्यांसारख्या.

राहता राहिले कल्याण. व्हिएगश बाप-लेक गेले, पण आरमार थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः जहाजांवर चढून बसरूरच्या स्वारीवर निघाले.