०.९८९ ज्यूल : खेळातल्या स्नायपर रायफलचा इतिहास

आज मी ज्या रायफलबद्दल बोलणार आहे, ती खरी रायफल नाही. तिच्यातून ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी सुटते. या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात आणि तो जन्मला जपानमध्ये.

जपानमध्येच का? तिथल्या १९५८च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाला पिस्तूल बाळगायला बंदी आहे. हौस मात्र होतीच. ती भागवायला धातूच्या हुबेहूब प्रतिकृती निघाल्या. मग १९७१ साली नियम आला: धातूच्या पिस्तुलाच्या प्रतिकृतीची नळी बुजवायची आणि तिला पांढरा किंवा पिवळा रंग द्यायचा. १९७७ साली बंधनं आणखी कडक झाली. कारखानदार प्लास्टिककडे वळले आणि त्यातूनच हवेच्या दाबावर गोळी मारणारं हे खेळणं वाढलं.

१९९१ साली टोकियो मारुई कंपनीनं बॅटरीवर चालणारी फामास बाजारात आणली. घोडा दाबून ठेवला की गोळ्यांची सर सुरू. आता प्रश्न असा, की समोरचा पाऊस पाडत असताना एकेक गोळी हातानं भरणाऱ्या स्नायपरनं करायचं काय?

सोपं उत्तर होतं जोरकस स्प्रिंग. पण २००५ साली जपानमध्ये जोर वाढवलेल्या अशा बंदुकांनी रस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या मारण्याचे प्रकार घडले आणि २००६ साली कायदा बदलला. गोळीच्या छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरला ३.५ ज्यूल, ही मर्यादा ठरली. ६ मिलिमीटरच्या गोळीचा छेद साधारण ०.२८ चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा, उत्तर येतं ०.९८९ ज्यूल. त्याच्या वरची बंदूक नुसती घरात ठेवणं हाही गुन्हा. म्हणजे घरी बसून जाड स्प्रिंग घालणारा हौशी माणूस थेट आरोपी होऊ शकतो.

ब्रिटननं २०१७च्या कायद्यात वेगळी वाट धरली. तिथे सलग गोळ्या मारणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल, तर एकेक गोळी मारणारीला २.५ ज्यूल. जपानी स्नायपरला अशी सवलत नाही. त्याच्या हातातली ताकद इतरांएवढीच. माझ्या मते या रायफलीची खरी कारागिरी इथूनच समजते. जोर वाढवता येत नाही म्हटल्यावर सगळी मेहनत एकसारखेपणावर गेली. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटली पाहिजे.

मारुईची व्हीएसआर-१० ही बोल्ट ओढून चालवायची रायफल घ्या. पहिल्या खेळाआधी तिची तयारी कशी होते? आधी आतली नळी कापडानं पुसून कोरडी करायची. मग हॉप-अपचं रबर पाहायचं. हे रबर गोळीला वरून किंचित अडवतं, त्यामुळे ती उलटी फिरत सुटते. टॉपस्पिन दिलेला चेंडू लवकर खाली बसतो, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. इथे फिरकी उलटी, म्हणून गोळी हवेत तरंगून लांब जाते. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी १८५२ साली अभ्यासलेला परिणाम तो हाच. पण या रबराला तेलाचा अंश जरी लागला, तरी एक गोळी वर जाते आणि दुसरी खाली.

पुढे हवेची गळती. दट्ट्याचं सील आणि नळीकडे जाणारा जोड घट्ट हवा, नाहीतर प्रत्येक वेळी वेग बदलतो. नळी बाहेरच्या आवरणात हलू नये म्हणून मध्ये कडी बसवतात. लांब नळीचा मोह मात्र टाळावा. याच रायफलीच्या प्रो-स्नायपर प्रकारात ४३० मिलिमीटरची नळी आहे, तर जी-स्पेकमध्ये ३०३ची, आणि जी-स्पेक त्यामुळे नेमात मागे पडत नाही.

शेवटी गोळी. मर्यादेच्या काठावर ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९ मीटर वेगानं सुटते, ०.४ ग्रॅमची सुमारे ७०. जड गोळी हळू निघते, पण वेग टिकवते आणि वाऱ्यानं कमी ढळते. खेळात जी गोळी वापरायची, तिच्यावरच हॉप-अप आणि दुर्बीण जुळवायची आणि तिच्यानंच क्रोनोग्राफवर ज्यूल मोजायचे.

इतकं करूनही एक गोष्ट नेमबाजाच्या हातात राहत नाही. ही गोळी अंगावर रंगाचा डाग सोडत नाही. लागली की नाही, हे ज्याला लागली त्यानंच हात वर करून 'हिट' म्हणत सांगायचं. झुडपातून आलेली एकच गोळी नाकारणं किती सोपं! तरी खेळाडू हात वर करतात, म्हणून हा खेळ चालतो. मैदानात उतरण्याआधी क्रोनोग्राफसमोर रांग लागते, तीही त्याच विश्वासापोटी. समोरचा खरं बोलणार असेल, तर आपल्या रायफलीचा आकडाही खरा हवा.