राखण
गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत गावच्या राखणदार दैवताला कोंबडा देतात, त्याला म्हणायचं ‘राखण देणे’. कापणे हा शब्द कुणी काढत नाही. मूळ संस्कृत ‘रक्षण’. म्हणजे जीव घेण्याला जीव राखण्याचं नाव! ‘बळी’ची गोष्टही अशीच. वैदिक ‘बलि’ म्हणजे राजाला दिलेला कर, देवाला दिलेली भेट, आणि गृहस्थ कावळ्या-कुत्र्यांसाठी बाहेर ठेवी तो भाताचा घास. अशा गोड शब्दांनी विवेक निजतो, हा आक्षेप निम्माच खरा. राखणीत सुरी, रक्त, फडफडणारे पंख सगळ्यांसमोर असतात आणि त्याचीच सागोती पानात पडते. शब्दाने झाकलेलं डोळ्यांना दिसतंच. धोका आहे तो लांबून वापरायच्या शब्दांत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ६२वं कलम केंद्र सरकारला रानडुकरासारख्या प्राण्याला ‘उपद्रवी’ ठरवू देतं, म्हणजे मारायला मोकळं करू देतं (कायद्याच्या नावात पुन्हा राखण आहेच). डुकरांनी बागायत उखडलेल्या शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. पण तो निदान समोरचं डुक्कर पाहतो, अधिसूचनेवर सही करणाऱ्याला फक्त विशेषण दिसतं. वर्तमानपत्रात तर ‘खड्ड्याने बळी घेतला’ असं छापून येतं: कर्ता खड्डा, आणि कंत्राटदार वाक्याच्या बाहेर.