पारखी कोणाला म्हणावे?

वाचकहो, आपल्या भाषेत ‘पारखी’ हा मोठ्या मानाचा शब्द आहे. गाण्यातला दर्दी, कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा विणकर, बैलाचे दात पाहून वय सांगणारा शेतकरी, या सर्वांना आपण पारखी म्हणतो. आपल्या घरांत ‘कद्रदान’ हा शब्दही तितक्याच आदराने उच्चारला जातो. परंतु पैसे मोजून वस्तू जमवणारा आणि वस्तूची खरी पारख असणारा हे दोघे एकच काय? याचे उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात सापडते.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांतील सुमारे १३,२५० नाणी तपासून १९०८ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. एकेक नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे. नुसत्या व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर ती सारी मिळून पंचवीस-सव्वीस किलो चांदी भरते. आटवली असती तर तिचे दागिने झाले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

पारखी नजरेला मात्र त्यात निराळेच काही दिसले. ही नाणी क्षहरात राजा नहपान याची होती. एका बाजूस मुखवटा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्या. एवढेशा तुकड्यावर तीन लिप्या! पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सुमारे ९,२७० नाण्यांवर जुन्या छापावर नवा छाप मारलेला होता. त्यात डोंगराचे चिन्ह होते आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव होते. याचा अर्थ असा, की सातवाहन राजाने नहपानाचे चलन हाती घेतले आणि त्यावर आपली मुद्रा उमटवली. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने खखरात, म्हणजेच क्षहरात, वंश निर्मूळ केला, असे त्यात म्हटले आहे. शिलालेखाच्या त्या विधानाला जोगलटेंभीच्या नाण्यांनी साक्ष दिली. दगड बोलला आणि चांदीने होकार दिला, पण तो होकार ऐकणारा कान हवा होता.

त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचेही लेख आहेत. एका सुवर्णास ३५ कार्षापण हा त्या काळचा भाव त्यात नोंदलेला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची नोंदही आहे. म्हणजे नाण्याची किंमत, ठेव आणि व्याज हे विषय आपल्या गोदाकाठी सुमारे एकोणीसशे वर्षांचे जुने आहेत.

नाण्याची पारख हा पुढे स्वतंत्र पेशाच झाला. ‘सराफ’ हा शब्द मूळचा अरबी; नाणी पारखून त्यांची अदलाबदल करणारा तो सराफ. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त टांकसाळीचे वर्णन करताना या अधिकाऱ्याचे काम सांगितले आहे. नाण्याचा कस ठरवणे हे त्याचे काम, म्हणून टांकसाळीची अब्रू त्याच्या अनुभवावर अवलंबून असे. विद्यार्थी मित्रांनो, हे पद केवळ धनवान असल्याने मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी हजारो नाणी हातांखालून जावी लागत.

आता आपल्या शहराकडे वळू. मोगल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. पुढे मराठ्यांच्या अमलातही येथील रुपयांवर गुलशनाबाद हेच टांकसाळीचे नाव आणि बादशहा शाह आलम याचे नाव फारसीत छापले जात असे. जवळच्या चांदवडच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा मजकूर येई. राज्य मराठ्यांचे, लिपी फारसी, बाजार सर्वांचा! साचा नाण्यापेक्षा मोठा असल्याने पुष्कळ नाण्यांवर मजकूर अर्धाच उमटे. उरलेली अक्षरे वाचणाऱ्याने आपल्या ज्ञानाने भरून घ्यायची.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. आपल्या मुलांना घरी उर्दू लिपी येते आणि शाळेत ती मराठी शिकतात. आपल्या जिल्ह्याचा रुपया वाचायला लागणारी अर्धी तयारी त्यांच्यापाशी आहे. आजीच्या पेटीत एखादा जुना रुपया असेल तर तो चिंचेने घासून चकचकीत करू नका; तशाने अक्षरे झिजतात. सोनाराकडे आटवायला देण्यापूर्वी मुलाला भिंग देऊन त्यावर ‘जर्ब’ हा शब्द शोधायला सांगा. टांकसाळीचे नाव त्याच्याजवळच असते. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर कलेक्टरला देण्याचा कायदा १८७८ पासून आहे, हेही त्याला सांगा. आणि नाण्यांच्या अभ्यासासाठी अंजनेरीला १९८० साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेची ओळख करून द्या.

संग्राहक विचारतो, ‘हे कितीला मिळेल?’ पारखी विचारतो, ‘हे कोणी, कधी आणि का केले?’ पहिल्या प्रश्नाला पैसा लागतो. दुसऱ्याला वेळ, अक्षरओळख आणि सबुरी लागते. गरिबाच्या मुलालाही ही तीन मिळवता येतात.