गडाखाली टाकू नये: केराचा इतिहास आणि नगराचा आराखडा

तत्त्वज्ञानाचा माणूस कचऱ्यावर काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण ‘ही वस्तू आता माझी नाही’ असे आपण कधी म्हणतो आणि त्यानंतर ती कोणाची होते, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. आपल्याकडे तो मालवणीत सरळ विचारतात: केर खंय टाकूचो?

सुरुवात समोरच्या किल्ल्यापासून करू. सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, अठराव्या शतकाच्या आरंभी, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र लिहिले गेले. राजनीतीचा हा ग्रंथ. त्यात दुर्गांच्या प्रकरणात केराबद्दल स्पष्ट सांगितले आहे. गडावरच्या वाटा आणि बाजार स्वच्छ ठेवावेत, झाडलेला केर गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि राख परसात घालून भाजीपाला करावा.

यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून पाहा. एक तत्त्व: आपला केर खालच्याच्या डोक्यावर टाकायचा नाही. दुसरा उपाय: जाळा. तत्त्व आजही जसेच्या तसे उभे आहे. उपाय मात्र बाद झाला, कारण केर बदलला. तेव्हाच्या केरात पाने, गवत, काटक्या असत, आज प्लास्टिक असते. ते जाळले की विष होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली, ती उगाच नाही. आराखडा पुन्हा पुन्हा का सुधारायचा, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच. तत्त्व टिकते, उपाय शिळा होतो.

आपल्या घरांचेच पाहा ना. माझ्या लहानपणी परसात केर होता, पण ‘कचरा’ फारसा नव्हता. पातेरा गोठ्यात, शेण गायरीत, करवंटी चुलीत. चुडताचे झाप विणले जात, जुने झाले की तेही जळणात. माशांचे काटे माडाच्या मुळाशी. प्रत्येक वस्तूला पुढचा मुक्काम ठरलेला. हे कोणी आदर्श म्हणून करीत नव्हते, गरिबी होती. त्या काळाचे गोडवे गायला मी आलेलो नाही. कारण त्याच काळात मैला मात्र ठरावीक जातीच्या माणसांच्या डोक्यावर होता. म्हणजे ‘गडाखाली’ केवळ उतारावर नव्हते, समाजातही होते.

इथे अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव घ्यावेच लागते. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचे काम मला करू द्या, अशी त्यांची मागणी. तुरुंगाच्या रिवाजात सवर्ण कैद्याला ते काम नाही! अप्पांनी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपोषण सुरू केले. विचार करा, लोक काम टाळण्यासाठी भांडतात, हा माणूस झाडू मिळावा म्हणून भांडला. स्वातंत्र्यानंतर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास आणि गोबरगॅस यांवर वर्षानुवर्षे काम केले. अमात्यांनी आज्ञा दिली, अप्पांनी व्रत घेतले. पण शहर व्रतावर चालत नाही, हेही खरे. सगळेच अप्पासाहेब होणार नाहीत. म्हणून नियम लागतात.

तो भाग थोडक्यात सांगतो. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली आणि घनकचरा हा विषय नगरपालिकांच्या यादीत आला. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर २००० चे नियम आले. प्रक्रिया केंद्रे उभारायला ३१ डिसेंबर २००३ ही मुदत होती. ती देशातल्या बहुतेक शहरांनी पाळली नाही. मग २०१६ चे नियम आले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा. आणि राज्याने धोरण ठरवताना कचरावेचक आणि बचत गट यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करायची. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. केर उचलणारा पहिल्यांदाच बोलणारा म्हणून कायद्यात आला.

आता वेंगुर्ला. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव. २०१५ च्या सुमारास रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे वर्गीकरण घरापासून सुरू झाले. पुढे केंद्रावर कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे होऊ लागले. ओल्यातून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जिथे नाकाला रुमाल लावून जायचे, त्या जागेला माणसे मुद्दाम भेट द्यायला लागली. यंत्रे कुठेही विकत मिळतात. वेंगुर्ल्यात खरे काम स्वयंपाकघरात झाले. प्रत्येक घरातल्या बाईने, आणि काही घरांत बाप्यानेही, रोज सकाळी दोन मिनिटे जास्त दिली. लोकसहभाग म्हणतात तो हा.

पण एवढ्यावर थांबू नये. हात लागले म्हणजे मत विचारले असे होत नाही. विकास आराखडा जाहीर झाला की कायद्याने महिन्याची मुदत असते, ‘हरकती व सूचना’. नोटीस फळ्यावर लागते, दोन पेपरांत छापून येते आणि येणाऱ्या हरकती बहुधा ज्याची जमीन जाते त्याच्या. कचऱ्याच्या आराखड्यात तर कोणाची जमीनही दिसत नाही. मग हरकत कोण घेणार?

म्हणून मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुठलीही नगरपरिषद किंवा नगरपंचायत पुढच्या वीस वर्षांचा विचार करायला बसेल, तेव्हा तीन माणसांना बोलवायला हवे. पहिली, घंटागाडीवरची बाई. कुठल्या आळीतून काय येते, हे कुठल्याही सल्लागारापेक्षा तिला जास्त ठाऊक. दुसरा, रापण ओढणारा. जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या किती येतात, हे तो सांगेल. तिसरा, डेपोच्या शेजारचा शेतकरी, ज्याच्या विहिरीकडे आपला उतार आहे. १९९७ मध्ये आपण पर्यटन जिल्हा झालो. पाहुणा दोन दिवसांनी जातो, त्याची बाटली राहते. तिचा खर्च कोणी सोसायचा, हेही या तिघांसमोरच ठरवा.

सभा संध्याकाळी ठेवा, मासळीचा लिलाव आटोपल्यावर. मालवणीत बोलू द्या. जे सांगितले गेले त्यातले काय घेतले, काय नाही आणि का नाही, हे लिहून परत सांगा. हे शेवटचे झाले नाही तर पुढच्या सभेला कोणी येत नाही, आणि न येण्यात त्यांची चूक नसते.

अमात्यांना विचारायची गरज नव्हती, ते राज्यकर्ते होते. आज राज्यकर्ते आपण आहोत असे संविधान सांगते. तेव्हा आराखड्याच्या प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारा: हा केर आता कोणाच्या गडाखाली चालला आहे? आणि तो माणूस या सभेत आहे का?