खिशातील चाकू

खिशातील चाकू किंवा घडीचा चाकू म्हणजे ज्याचे पाते मुठीच्या खाचेत दुमडून बंद करता येते आणि जो म्यानाशिवाय खिशात ठेवता येतो, असा लहान चाकू. पात्याबरोबर कात्री, स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडण्याचे हत्यार अशी उपकरणे त्याच मुठीत बसवलेली असल्यास त्याला बहुपयोगी चाकू म्हणतात. मुख्य अवजार पाते नसून पक्कड असल्यास ते मल्टिटूल या नावाने ओळखले जाते. सुतळी कापणे, फळ चिरणे, वायरचे आवरण सोलणे, कलम बांधणे अशा किरकोळ कामांसाठी ही अवजारे रोज जवळ बाळगली जातात. चाकूची निवड करताना पाते किती लांब आहे, ते उघडल्यावर पक्के अडकते का आणि त्याला धार कोठे लावून मिळते, या तीन गोष्टी दुकानातील उपकरणांच्या संख्येपेक्षा महत्त्वाच्या ठरतात. महाराष्ट्रात याशिवाय मनाई आदेशांचा विचारही करावा लागतो.

नाव

‘चाकू’ हा शब्द तुर्की-फारसी मार्गाने मराठीत आला. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘क्षुरिका’पासून आला असून तो बहुधा स्वयंपाकघरातील न दुमडणाऱ्या हत्यारासाठी वापरला जातो. ‘सुरा’ म्हटले की मारण्याचे हत्यार डोळ्यांसमोर येते. बोलीत ‘खटक्याचा चाकू’ हा शब्दप्रयोग कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूसाठी रूढ असून त्याला गुन्हेगारीची छटा आहे.

इतिहास

दुमडणाऱ्या चाकूचा अतिशय जुना नमुना ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडला आहे. त्याची मूठ हाडाची असून काळ इ.स.पू. सुमारे 600 ते 500 मानला जातो. रोमन काळातही असे चाकू प्रचारात होते.

आधुनिक बहुपयोगी चाकूची सुरुवात स्विस सैन्याच्या गरजेतून झाली. नव्या बंदुकीचे भाग सुटे करण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर आणि अन्नाचे डबे उघडण्यासाठी हत्यार, ही दोन्ही सैनिकाच्या खिशात एकत्र असावीत, असे ठरले. पहिले चाकू जर्मनीतील सोलिंगेन येथून आले. त्यानंतर श्वित्स प्रांतातील इबाख येथील कार्ल एल्सनर यांनी 1891मध्ये पुरवठा सुरू केला. 1897मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू तयार केला. त्यात एकाच कमानीच्या दोन्ही बाजूंना उपकरणे बसवण्याची युक्ती होती आणि आजच्या लाल मुठीच्या स्विस चाकूंचा आराखडा तोच आहे. त्याच सुमारास, 1890मध्ये, फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा एका पात्याचा स्वस्त चाकू बनवला. शेतकरी व मेंढपाळांचा म्हणून तो प्रसिद्ध झाला. पाते अडकवणारे त्याचे फिरते कडे मात्र 1955मध्ये आले. पक्कड केंद्रस्थानी ठेवणारे मल्टिटूल अमेरिकेत टिम लेदरमन यांनी 1983मध्ये बाजारात आणले.

भारतात दुमडणाऱ्या चाकूचे सर्वांत परिचित नाव रामपुरी हे आहे. उत्तर प्रदेशातील रामपूर येथे बनणारा हा लांब पात्याचा चाकू हिंदी चित्रपटांतील खलपात्रांमुळे घरोघरी ठाऊक झाला. 1990च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याचे रामपुरी बनवण्यास तेथील सरकारने बंदी घातली आणि हा व्यवसाय उतरणीला लागला. खिशातील कोणत्याही चाकूकडे संशयाने पाहण्याच्या वृत्तीत या प्रतिमेचा वाटा मोठा आहे.

मराठवाड्यातील वापर

नांदेड व लातूर जिल्ह्यांत जुन्या पिढीच्या खिशात किंवा कनवटीला चाकूपेक्षा अडकित्ताच अधिक आढळे. पानाच्या चंचीत चुन्याची डबी, सुपारी आणि लहान अडकित्ता असे. दोन भुजा, त्यांपैकी एकीला पाते आणि टोकाचा पूर्ण अभाव, अशी त्याची रचना असते. सुपारीसाठी असला तरी सुतळी किंवा बारीक फांदी तोडण्यासही तो चाले. टोक नसल्यामुळे खिशात टोचत नसे आणि कोणाला भीतीही वाटत नसे. आज तेच काम पुष्कळ लोक नखे काढण्याच्या नेलकटरला जोडलेल्या बोटभर पात्यावर भागवतात.

शेतीत मोठी कापणी विळा, कोयता व खुरप्याने होते, त्यामुळे चाकूच्या वाट्याला किरकोळ कामेच येतात. मोसंबी व आंब्याच्या कलमासाठी एका बाजूनेच धार असलेला वेगळा कलमचाकू लागतो. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या साध्या चाकूने काप सपाट येत नाही आणि डोळा नीट चिकटत नाही. ठिबक सिंचनाच्या नळ्या चाकूने कापता येतात, परंतु काप तिरपा गेल्यास जोडातून पाणी गळते; तेथे नळी कापण्याची कात्री बरी. सोयाबीन व तुरीच्या यंत्राने शिवलेल्या पोत्यांना तर बहुधा चाकू लागतच नाही, कारण साखळी टाक्याचा योग्य दोरा ओढला की सगळी शिलाई उसवते. अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांत वेगळी अडचण असते. केळीचा चीक पात्यावर काळा डाग पाडतो आणि दुमडण्याच्या सांध्यात वाळून बसतो.

नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्यामुळे शहरात कृपाण हे नित्य दिसणारे शस्त्र आहे. गुरू गोविंदसिंग यांचे 1708मध्ये येथे निधन झाले. अमृतधारी शीख धारण करतात ती कृपाण पाच ककारांपैकी एक आहे. ती धर्मचिन्ह आहे, कामाचे अवजार नव्हे. तिला संरक्षण देणारी तरतूदही वेगळी आहे. त्यामुळे कृपाण चालते म्हणून कोणताही चाकू चालतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

पोलाद आणि धार

पात्यासाठी मुख्यतः दोन प्रकारचे पोलाद वापरले जाते. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते व ती तीक्ष्ण असते, पण लिंबू, चिंच, कैरी यांच्या आम्लाने पाते काळवंडते आणि ओले राहिल्यास गंजते. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, चाकूच्या पात्यात बहुधा तेराच्या आसपास. ते गंजाला दाद देत नाही. कोकणाच्या तुलनेत मराठवाड्याची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असल्याने कार्बन पोलादही तेलाचा हात फिरवून चांगले टिकते. फळे कापणाऱ्याने मात्र स्टेनलेस घेणे सोयीचे.

लोहाराच्या भाषेत पोलाद कठीण करण्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. स्विस चाकूंच्या पात्यांची कठिणता रॉकवेल मापावर सुमारे 56 असते. याहून कठीण पोलादाची धार अधिक दिवस टिकते, पण ती लावण्यासाठी हिऱ्याचे किंवा सिरॅमिकचे दगड लागतात. आठवडी बाजारातील धारवाल्यावर अवलंबून असलेल्या माणसासाठी मध्यम कठिणतेचे पातेच व्यवहारी ठरते. घिसाडी व शिकलगार या समाजांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ‘शिकलगार’ हा शब्दच ‘हत्यार घासून चकचकीत करणे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या साणेवर पातळ पाते फार वेळ धरल्यास ते तापून निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. असे पाते पुन्हा कितीही घासले तरी धार धरत नाही. म्हणून लहान चाकूला घरीच ओल्या दगडावर, प्रत्येक बाजूस 15 ते 20 अंशांचा कोन राखून धार लावावी.

रचना आणि सुरक्षितता

सर्वांत साध्या चाकूत पाठीकडील पोलादी कमान पाते उघडे धरून ठेवते, पण त्याला कुलूप नसते. मागून जोर पडल्यास ते मिटते. बोटांना होणाऱ्या अनेक जखमा याच कारणाने होतात, विशेषतः पात्याच्या टोकाने काही खणताना किंवा उचकटताना. कमानीच्या मागे खाच असलेले कुलूप, मुठीच्या आत सरकणारी पट्टी किंवा फिरते कडे यांमुळे पाते पक्के अडकते. जोर लावून काम करणाऱ्याने असा चाकू निवडावा. फळे, कागद व दोऱ्यापुरता वापर असेल तर बिनकुलपाचा लहान चाकू पुरतो.

रोजच्या कामाला पाच ते आठ सेंटिमीटरचे पाते पुरेसे होते. 58 मिलिमीटर लांबीचा लहान स्विस चाकू वीस-बावीस ग्रॅमचा असतो. पूर्ण आकाराचे मल्टिटूल अनेकदा 200 ग्रॅमच्या पुढे जाते आणि शर्टाच्या खिशाला ओढ देते. वीजतंत्रीला किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्याला पक्कड लागते, म्हणून हे वजन परवडते. विद्यार्थी वा कार्यालयीन कर्मचाऱ्याला ते केवळ ओझे होते. स्वस्त नकलांत उपकरणे वीस असतात, पण सांधा सैल व पोलाद मऊ असते. घेण्यापूर्वी पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे आणि मिटल्यावर ते मध्यभागी बसते का, हे तपासावे.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, 1959 अन्वये केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येत येत नाहीत. नियमांतील अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. खिशातील सामान्य चाकू या मापाच्या बराच खाली असतो.

एवढ्याने तो नेहमीच बाळगता येतो असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951च्या कलम 37 अन्वये पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रे, चाकू, काठ्या व शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. या मनाईत पात्याच्या लांबीची अट नाही. नांदेड व लातूर येथे पोलीस आयुक्तालय नसल्याने हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलने अशा काळात असे आदेश निघतात आणि त्यांचा भंग हा कलम 135 खालील अपराध आहे. कामासाठी चाकू लागणाऱ्यांनी त्या दिवसांत तो अंगावर न ठेवता अवजारांच्या पेटीत ठेवणे श्रेयस्कर असते. हा चाकू स्वसंरक्षणासाठी आहे, असे सांगितल्याने बाळगणाऱ्याची बाजू सावरत नाही. अवजाराचे शस्त्र झाले, हेच त्यातून सूचित होते. कापण्याच्या साधनाने जाणूनबुजून इजा केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 118 लागू होते. चाकू लहान असणे हा बचाव नाही.

शिखांच्या कृपाणधारणेला राज्यघटनेच्या अनुच्छेद 25च्या स्पष्टीकरणाने संरक्षण आहे. विमानात चाकू व पाते असलेले मल्टिटूल हातातील सामानात चालत नाहीत, ते नोंदणीकृत सामानात द्यावे लागतात. 2022च्या आदेशानुसार देशांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशांना कृपाण नेता येते, मात्र तिचे पाते सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा जास्त नसावी. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळावरून देशांतर्गत प्रवास करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.