समईतील जस्त

वाडीतील कोणत्याही देवघरात डोकावावे, तो समई, निरांजन, पंचारती अशी पितळेची सामग्री प्रथम दृष्टीस पडते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु तांब्यास जो मान आहे तो जस्ताच्या वाट्यास कधी आला नाही. कित्येक तर कल्हईलाच जस्त समजतात! कल्हई कथलाची, जस्ताचा मुलामा बादलीवर आणि छपराच्या पत्र्यावर. तेथे ते पावसाचा मारा स्वतः सोसते आणि आतील लोखंड राखते.

हा धातू सुटा करणे फार कठीण. खनिजातून तो मोकळा होण्यास हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि उकळतो मात्र तो ९०७ अंशांवर. म्हणजे जन्मतःच त्याची वाफ होते, व त्या वाफेस हवा लागली की पांढरी राख. म्हणून प्राचीन कारागीर तांबे व जस्ताचे खनिज एकत्र तापवून पितळ करीत. निव्वळ जस्त त्यांच्या हाती क्वचितच आले.

तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात यावर तोड सांगितली आहे. वांग्याच्या आकाराची मूस घ्यावी, तिचे तोंड खाली करावे, खाली पाण्याचे भांडे ठेवावे. कथलासारखे सत्त्व खाली उतरते. आम्ही पडलो वकील. ग्रंथातील वर्णन ही साक्ष खरी, पण मुद्देमालावाचून तिला पुरते बळ येत नाही.

तो मुद्देमाल उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे निघाला. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटिश म्यूझियम, हिंदुस्थान झिंक आणि आमच्या बडोद्याचे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय यांनी मिळून तेथे उत्खनन केले; विश्वविद्यालयातर्फे प्राध्यापक के. टी. एम. हेगडे त्यात होते. भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, सहा ओळींत सहा, तोंडे खाली, आणि आकार हुबेहूब वांग्याचा! मूस उलटी केली असता आतील माल सांडू नये म्हणून तिच्या तोंडात काडी खोवीत. ती जळून गेली की वाफेस वाट मिळे. काडीची ही युक्ती आम्हांस सर्वांत अधिक मोहविते.

ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली जस्ताच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याचीही वाफ खालीच उतरते, म्हणून त्याने विद्या येथूनच नेली असे कित्येक ठासून सांगतात. साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे; परंतु संशय म्हणजे शाबिती नव्हे. जावर कितीतरी आधीचे, एवढे सिद्ध आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

अभिमानाच्या या कथेत आम्हां मराठी माणसांस टोचणारे एक कलम आहे. अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या खंडण्यांनी व स्वाऱ्यांनी मेवाड जर्जर झाले. जावरच्या खाणी बंद पडल्या त्या १८१२ च्या सुमारास, दुष्काळात. दोष एकट्या दुष्काळाचा म्हणून आम्ही हात झटकावे काय? आमच्या मते नाही. लुटलेल्या मुलुखास दुष्काळ अधिक भोवतो.

वैद्यांचे यशदभस्म जुने आहे. शरीरास जस्त आवश्यक हे मात्र आधुनिक वैद्यकाने डॉ. आनंद प्रसाद यांच्या इराण व इजिप्त येथील संशोधनानंतर, १९६० नंतरच्या दशकात मानले. आता जुलाब झालेल्या बालकास क्षारपाण्याबरोबर जस्ताच्या गोळ्याही देतात.

जावरच्या खाणी विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाल्या. जुन्या गावाच्या भिंती मात्र त्या वापरून टाकलेल्या मुशींच्याच रचलेल्या आहेत.