मूळ गाव : मेक्सिको

मे महिन्यात आमच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला. मार्क अपेक्षेपेक्षा चांगले पडले, तेव्हा जेवायला कुठं जायचं हे ठरवण्याचा मान तिला दिला. तिनं अलकापुरी बाजूचं एक नवं मेक्सिकन हॉटेल निवडलं. आईचं वय चौऱ्याहत्तर. ती बाहेर जेवायला सहसा येत नाही, पण नातीपुढं तिचं काही चालत नाही.

आत दिवे इतके मंद होते की आईनं विचारलं, "लाइट गेले का?" मेन्यूकार्डावर 'जैन टाको' दिसले, तेव्हा आपण बडोद्यातच आहोत याची खात्री पटली. तिथं ताट वाढत नाहीत. तळहाताएवढ्या बश्या एकामागून एक येतात आणि सगळ्यांनी सगळ्यांतलं थोडं थोडं घ्यायचं. (बिल मात्र तळहाताएवढं नसतं.) टोमॅटो-मिरचीची साल्सा नावाची चटणी आली. मग मक्याच्या लहान पोळ्यांत राजम्याचा लगदा भरलेले टाको, अव्होकाडोचं भरीत म्हणावं असं ग्वाकामोले, आणि भाजलेल्या कणसाचे तुकडे, वर लिंबू आणि तिखट. हे शेवटचं आपण पावसाळ्यात कमाटीबागेच्या दाराशी उभं राहून खातो आणि त्याला 'मकाईचा डोडा' म्हणतो. इथं त्याला काटा-चमचा दिला होता.

आईनं सगळं न्याहाळून निकाल दिला, "ही तर नुसती पानाची डावी बाजू आहे." मला ते फार पटलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं थोडं थोडं. फक्त उजवी बाजू आणि भात यायचाच राहिला होता.

शेवटी चॉकलेटबरोबर 'अलेग्रिया' नावाची वडी आली. आईनं ती मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली राजगिऱ्याची वडी! उपासाची. याचे एवढे पैसे?"

मुलगी म्हणाली, "आजी, ही त्यांचीच आहे. आपण त्यांच्याकडून घेतली."

आईला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी डिप्लोमा केलेला सरकारी नोकर, इतिहासाचा पदवीधर नव्हे. पण सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना बोलावून ज्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्यांतल्या आपल्या सेंट्रल लायब्ररीचा मी जुना सभासद. पुढचे काही रविवार तिथं गेले, आणि मुलगी बरोबर निघाली.

सुरुवात मिरचीपासून करू. मुक्ताईनं माउलींच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या घरात मांडे होते, पण मिरची नव्हती. कल्याणीच्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात पक्वान्नांची रेलचेल आहे. तिखटपणाला मात्र मिरी आणि आलं. अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'त शाही मुदपाकखान्याचे पदार्थ साहित्यासह दिले आहेत, त्यांतही मिरीच. मिरची मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. 1492 साली कोलंबस तिकडं पोचला, 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेलं. पुढं वसई, दीव, दमण. त्यांच्या जहाजांतून मिरची आली आणि मुंबईकडं तिला बराच काळ 'गोवाई मिरची' म्हणत. 'मिरची' हे नावच मिरीवरून पडलेलं. म्हणजे नवी सून आली आणि तिला घरातल्या जुन्या बाईचं नाव ठेवलं, तसा प्रकार. पुढं सुनेनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, हे सांगायला नको.

तिच्या मागून बाकीची वरात आली. मका, टोमॅटो, राजमा, फरसबी, लाल भोपळा, सीताफळ, चिकू ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची मंडळी. बटाटा, भुईमूग आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कसावा हे दक्षिण अमेरिकेचे. काजूही ब्राझीलचा. पेरूही अमेरिकेकडचाच. ज्या लिल्या चेवड्याशिवाय बडोद्याचा माणूस पाहुणा म्हणून कुठं जात नाही, तो बटाट्याचाच. सेव-उसळीची लालभडक तरी मिरचीशिवाय कशी होणार? नाचोज नावाचा जो प्रकार मुलं आवडीनं खातात तो मात्र अगदी पोरसवदा. 1940च्या दशकात मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं तो पहिल्यांदा केला. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो.

आता उपासाकडं बघा. एकादशीला गहू नको, तांदूळ नको, तूरडाळ नको. हे सगळे आपल्या मातीत हजारो वर्षं मुरलेले. आणि चालतं काय? साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा. सगळे समुद्रापलीकडचे. कारण साधं असावं. नियम ठरले तेव्हा निषिद्ध धान्यांच्या यादीत ही नावंच नव्हती, आणि यादीत जे नाही ते चालतं. सरकारी परिपत्रकाचा अर्थ आम्ही असाच लावतो. जगन्नाथपुरीच्या देवळानं मात्र यादी उलटी धरली. तिथल्या महाप्रसादात आजही बटाटा, टोमॅटो, मिरची चालत नाही.

राजगिऱ्याची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. आपली पालेभाजी जी माठ, तिच्यातल्या काही जाती आपल्याकडच्याच. पण दाण्याच्या राजगिऱ्याचं मूळ वनस्पतिशास्त्रज्ञ मेक्सिकोकडं नेतात. तिथं अझ्टेक लोकांचं राज्य होतं. हुइत्झिलोपोच्त्ली हा त्यांचा मोठा देव. त्याच्या उत्सवात ते राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या जातीच्या झाडाच्या गोड रसात मळून देवाची मूर्ती घडवीत, तिची पूजा करीत, आणि अखेरीस ती मोडून प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटीत. डोंगरांच्या देवांच्या लहान मूर्तीही अशाच करीत. बेर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं सोळाव्या शतकात तिथल्या लोकांना विचारून विचारून हे सगळं लिहून ठेवलं. त्या धर्मात नरबळीही होता, तो झाकून ठेवण्याचं कारण नाही. पण 1521 साली स्पॅनिशांनी ते राज्य बुडवलं, आणि बळीबरोबर राजगिऱ्याच्या मूर्तीही गेल्या. देवाचं धान्य म्हणून राजगिऱ्यावरच पाद्र्यांची वक्रदृष्टी झाली आणि त्याची शेती आटत गेली. डोंगराळ खेड्यांत तेवढी टिकली. आज तिथं जी वडी विकतात तिचं नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद.

मातीची मूर्ती करून, पूजून, दहा दिवसांनी पाण्याला देणाऱ्या माणसांना हे समजायला फार कठीण जाऊ नये. मी घरी हे वाचून दाखवलं तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांचा देव मोडला, पण धान्य आपल्याकडं देवाच्या कामाला लागलं म्हणायचं."

झेंडूचंही तेच. दसऱ्याला खंडेराव मार्केटबाहेर जे ढीग लागतात, ते फूल मेक्सिकोचं. तिथं 1 आणि 2 नोव्हेंबरला पितरांसाठी त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात. निशिगंधही तिकडचाच.

मका आपल्याकडं कधी आला यावर विद्वानांत वाद झाले. कर्नाटकातल्या होयसळ देवळांतल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे असं काहींचं म्हणणं. बहुतेकांना ते मान्य नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी मक्याचे जुन्या ग्रंथांतले उल्लेख चिकाटीनं शोधले. मी काही वर्षं छोटा उदेपूरकडं, सुखी धरणाच्या बाजूला नोकरीला होतो. तिकडं आणि पंचमहाल-दाहोदमध्ये मक्याचा रोटला हेच जेवण. साईटवर उशीर झाला की कुणीतरी घरी नेऊन रोटला आणि उडदाची डाळ वाढायचं. मक्याचं पीठ गव्हासारखं धरत नाही, लाटता येत नाही, हातावर थापावं लागतं. मेक्सिकोच्या बायका यावर एक युक्ती करतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, साल सोडवतात आणि ओला मका पाट्यावर वाटतात. मग त्याची पोळी होते. पाटा-वरवंटा आपल्यासारखाच, फक्त पाट्याला तीन पाय. चुन्यामुळं मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला पण चुना नेला नाही, आणि इटलीत मक्यावरच जगणारे गरीब शेतकरी पेलाग्रा नावाच्या रोगानं पिढ्यानपिढ्या मेले. वस्तू नेली, पण ती वापरणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही.

मुलीनं एका रविवारी एक नाव शोधून आणलं आणि माझा चेहरा उतरला, कारण ते मला माहीत असायला हवं होतं. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा. विद्यार्थिदशेतच टिळकांच्या विचारानं भारलेले. परदेशी गेले, अमेरिकेत शेती शिकले, 1913 साली तिथं गदर चळवळ उभी राहिली तिच्या पुढाऱ्यांपैकी एक झाले. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. नंतर बर्लिन, मॉस्को. मायदेशी परतायची सोय उरली नव्हती. 1924 साली ते मेक्सिकोत पोचले.

तिथं चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. मक्याचा रानटी पूर्वज 'तेओसिंते' आणि शेतातला मका यांचा संकर करून नवं वाण काढायचं काम त्यांनी केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. म्हणजे ज्या देशानं जगाला मका दिला, त्या देशाच्या शेतकऱ्याला मका शिकवायला वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलणारा माणूस गेला होता! दिएगो रिवेरा हा तिथला थोर चित्रकार. त्यानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर चित्रं काढली, त्यांतल्या 'आमची रोजची भाकर' या चित्रात खानखोजे आहेत. त्या चित्रात एका टेबलाभोवती माणसं जेवायला बसली आहेत.

देश स्वतंत्र झाला तरी इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव लगेच खोडलं गेलं नव्हतं, त्यामुळं मायदेशी यायला परवानगीची अडचण आली. यादीत चढलेलं नाव उतरवणं किती अवघड असतं, हे माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. अखेर ते नागपूरला स्थायिक झाले आणि 1967 साली तिथंच वारले. 2022 साली चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडं त्यांचं नाव किती घरांत माहीत आहे, हे वाचकांनी आपापल्या मुलांना विचारून पाहावं.

ते वारले त्याच सुमारास तिकडून परतीचं बियाणं येत होतं. 1966 साली भारतानं मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बी आणलं, लेर्मा रोहो नावाचं, बोर्लॉग यांच्या बुटक्या वाणांतलं. त्या मेक्सिकन साहित्यातून निवडलेलं एक वाण सोनालिका. आणि सोनालिकाच्या पोटी, भावनगर जिल्ह्यातल्या सणोसराच्या लोकभारती संस्थेत, लोक-1 तयार झालं. आपण वाण्याकडं 'लोकवन' म्हणून मागतो ते हेच. हे मला कळलं तेव्हा आमच्या पिंपात ऐंशी किलो लोकवन भरलेला होता.

आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून इथं आले. त्यांच्या मुलाचा, नातवाचा आणि माझाही जन्म इथला. तरी नवा साहेब आला की आडनाव वाचून हमखास विचारतो, "तमे मूळ क्यांना?" वाईट हेतू नसतो. पूर्वी मी सातारा सांगायचो, मग बडोदा सांगू लागलो. दोन्ही उत्तरांनी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. हल्ली मिरचीला कुणी हा प्रश्न विचारत नाही एवढं मनात येतं, आणि मी हसून विषय बदलतो.

यंदा ऋषिपंचमीची यादी करायला आई आणि मुलगी बसल्या होत्या. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीची भाजी आपण सगळ्यांत जुनी मानतो. अळू, लाल माठ, पडवळ, सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसं, भुईमुगाचे ओले दाणे, हिरवी मिरची. मुलीनं एकेक नावापुढं पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. भोपळा, मका, दाणे, मिरची. आई चष्म्यावरून बघत होती. कणसं काढायची का, असं मुलीनं विचारलं, तर आई म्हणाली, "काढतेस कशाला? चार जास्त आण." मग थोड्या वेळानं, जरा सावधपणे, "आणि मोदकात काय काय त्यांचं आहे?"

तांदूळ, नारळ, गूळ, वेलची, तूप. मुलीनं दोनदा तपासलं. काही नाही.

"बरं," आई म्हणाली, "मग ते माझ्याकडं. तुम्ही दोघं भाजी निवडा."